जपानी सणाची तारीख छापताना ती ठरते कशी, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्यांचा मोसम जवळ आला की पर्यटन पुरवण्यांमध्ये जपानच्या सणांचा तक्ता हमखास येतो. डावीकडे सण, उजवीकडे तारीख. तानाबाता ७ जुलै, ओबोन १५ ऑगस्ट, सेत्सुबुन ३ फेब्रुवारी, चंद्रदर्शन सप्टेंबर. यातली एकही नोंद धडधडीत खोटी नाही आणि एकीच्याही भरवशावर विमानाचे तिकीट काढू नये. जपानमध्ये सणांचे दिवस एकाच हिशेबाने ठरत नाहीत. काही नव्या इंग्रजी तारखेला चिकटले आहेत, काही मुद्दाम महिनाभर उशिरा होतात, काही चंद्रावर चालतात, काही सूर्यावर, काही सोमवारवर आणि एक तर बारा दिवसांच्या चक्रावर. तक्त्यात तिसरा रकाना हवा तो याचा. तो का हवा, ते जरा विस्ताराने सांगतो.

गोंधळाचे मूळ १८७३ सालात आहे. मेइजी सम्राटाच्या सरकारने त्याच्या कारकिर्दीच्या पाचव्या वर्षाच्या अकराव्या महिन्यात फर्मान काढले आणि महिन्याभराचीही मुदत न देता जुने चांद्रसौर पंचांग मोडीत काढले. बाराव्या महिन्याचे दोनच दिवस झाले; तिसरा दिवस उजाडला तो १ जानेवारी १८७३ म्हणून. येणारे वर्ष अधिक महिन्याचे होते, म्हणजे नोकरवर्गाला तेरा पगार द्यावे लागले असते. ते वाचले आणि दोन दिवसांच्या बाराव्या महिन्याचा पगारही वाचला, हे कारण तेव्हाचे मंत्री ओकुमा शिगेनोबु यांनीच पुढे सांगितले आहे. पण सणांचे काय करायचे? बहुतेक ठिकाणी आकडा तसाच ठेवला. पहिल्या महिन्याचा पहिला दिवस १ जानेवारी झाला, तिसऱ्याचा तिसरा ३ मार्च, सातव्याचा सातवा ७ जुलै. गुढीपाडवा वर्षाचा पहिला दिवस म्हणून उचलून १ जानेवारीला नेऊन बसवावा, तसे हे झाले. आकडा राहिला, ऋतू निसटला. म्हणून नववर्षाच्या शुभेच्छापत्रांवर कडाक्याच्या थंडीत वसंताचे स्वागत असते, आणि ३ मार्चच्या हिनामात्सुरीला, म्हणजे बाहुल्यांच्या सणाला, ‘पीचच्या फुलांचा सण’ म्हणतात तेव्हा बागेतला पीच अजून मिटलेला असतो. फांद्या येतात त्या फुलवाल्याकडून.

सर्वांत जास्त नुकसान झाले तानाबाताचे. विणकर तारका आणि गुराखी तारा, म्हणजे अभिजित आणि श्रवण, वर्षातून एकदा आकाशगंगा ओलांडून भेटतात ती ही रात्र. बांबूच्या फांदीला इच्छा लिहिलेल्या कागदी पट्ट्या, तांझाकु, बांधतात. जुन्या पंचांगात हा दिवस ऑगस्टच्या आसपास पडे. पावसाळा संपलेला, सप्तमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळणारा, मग आकाश मोकळे. ७ जुलैला मात्र होन्शू बेटावर त्सुयुचा, म्हणजे तिथल्या पावसाळ्याचा, पाऊस चालू असतो. तोक्योच्या भागात तो सरासरीने जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात हटतो. तारे दिसणार कसे? याला जपानने एक नव्हे, तीन उत्तरे काढली. तोक्योजवळचे हिरात्सुका जुलैच्या सुरुवातीलाच सण करते आणि पावसाची जोखीम पत्करते. सेंदाईने तो बरोबर महिनाभर पुढे ढकलला, ६ ते ८ ऑगस्ट. आणि राष्ट्रीय खगोल वेधशाळा २००१ पासून ‘पारंपरिक तानाबाता’ची तारीख दरवर्षी जाहीर करते, ती खरोखर आकाश पाहून ठरते: २०२५ मध्ये २९ ऑगस्ट, २०२६ मध्ये १९ ऑगस्ट. ज्याला बाजारपेठेतल्या दहा-दहा मीटर लांब बांबूंवरच्या वाशी या जपानी कागदाच्या झालरी पाहायच्या आहेत त्याने सेंदाई गाठावे, ज्याला तारे पाहायचे आहेत त्याने तिसरी तारीख धरावी. सेंदाईचे एक लक्षात ठेवण्यासारखे: ती मिरवणूक नाही. झालरी टांगलेल्या असतात, आपण त्यांच्याखालून चालायचे. मोठी आतषबाजी आदल्या संध्याकाळी, ५ तारखेला असते. ६ तारखेच्या दुपारी पोहोचणारा नेमका तिला मुकतो.

ओबोनची गतही तीच. पितरांना घरी आणून परत पाठवण्याचे हे चार दिवस तोक्योच्या बऱ्याच भागात १३ ते १६ जुलै, बहुतेक देशात १३ ते १६ ऑगस्ट, आणि ओकिनावात आजही जुन्या सातव्या महिन्याच्या १३ ते १५ तारखांना. २०२६ मध्ये ओकिनावाच्या या तिथी २५ ते २७ ऑगस्टला येतात, आदल्या वर्षी त्या सप्टेंबरात होत्या. १३च्या संध्याकाळी दाराशी स्वागताचा जाळ, १६ला निरोपाचा. मधल्या दिवसांत देवघरापुढे काकडीचा घोडा आणि वांग्याची गाय, काड्यांचे चार चार पाय टोचून उभी करतात: पितरांनी यावे घोड्यावरून लवकर, जावे गाईवरून सावकाश. क्योतोत १६ ऑगस्टला पाच डोंगरांवर जाळ पेटतो. ८ वाजता ‘दाई’ हे अक्षर, मग दर पाच मिनिटांनी पुढचा, शेवटचा तोरी, म्हणजे देवळाच्या कमानीचा आकार, ८:२० ला. एकेक आकृती अर्धा तासच टिकते आणि पाचही एकाच जागेवरून दिसतील अशी सार्वजनिक जागा शहरात जवळपास नाही. एक किंवा दोन निवडावेत आणि तिथेच थांबावे. धावाधाव करणाऱ्याच्या हाती धूर लागतो.

ओबोन ही सरकारी सुट्टी नाही, हे तक्त्यांत नेहमी चुकते. सुट्टी आहे ११ ऑगस्टची, पर्वत दिनाची, आणि तीही २०१६ पासून. बँका आणि कचेऱ्या कामाच्या दिवशी उघड्या असतात, पण लहान दुकाने आणि खासगी दवाखाने आठवडाभर बंद. गाड्यांचे तर विचारूच नये. गोल्डन वीक (एप्रिल अखेरच्या-मेच्या सुरुवातीच्या सुट्ट्या), ओबोन आणि नववर्ष या तिन्ही गर्दीच्या काळात २०२३ अखेरपासून तोकाइदो-सान्यो मार्गावरच्या सगळ्या नोझोमी या बुलेट ट्रेनांत फक्त आरक्षित जागा असतात. बिनआरक्षणाचा डबाच नसतो. जेआरचे (जपान रेल्वेचे) आरक्षण प्रवासाच्या एक महिना आधी सकाळी १० वाजता, तिथल्या वेळेने, खुले होते. १३ ऑगस्टला जायचे तर १३ जुलैची सकाळ चुकवू नये.

आता सूर्याचा हिशेब. सेत्सुबुन ३ फेब्रुवारीलाच, असे जपानमधल्या दोन पिढ्याही मानून चालल्या होत्या. पण तो आहे ‘वसंतारंभाच्या आदला दिवस’, आणि वसंतारंभ म्हणजे सूर्य आकाशातल्या आपल्या वार्षिक मार्गावर ३१५ अंशांवर पोहोचण्याचा दिवस. सौरवर्ष ३६५ दिवसांहून सुमारे पावणेसहा तासांनी मोठे, त्यामुळे तो क्षण दरवर्षी पुढे सरकतो आणि लीप वर्षात एकदम मागे येतो. १९८४ मध्ये सेत्सुबुन ४ तारखेला होता. २०२१ मध्ये १२४ वर्षांनी प्रथमच २ तारखेला आला, २०२५ मध्ये पुन्हा. २०२९ मध्येही २ लाच आहे. सध्या काही दशके लीप वर्षाच्या पुढच्या वर्षी २ तारीख असे धरून चालावे.

विधी सोपा, पण त्यातही चुकायला जागा आहे. सोयाबीन भाजलेलेच हवे. फेकलेला कच्चा दाणा कोपऱ्यात राहून रुजला तर अशुभ मानतात, म्हणून आधी खरपूस भाजून, लाकडी मापात भरून देवापुढे ठेवतात. रात्री दारे-खिडक्या उघडून, आतल्या खोलीपासून दाराच्या दिशेने ‘ओनि वा सोतो’ (राक्षस बाहेर) म्हणत फेकायचे, लगेच दार लावायचे, मग ‘फुकु वा उचि’ (भाग्य आत) म्हणत आत. शेवटी वयाइतके दाणे खायचे, काही घरांत वयापेक्षा एक जास्त. होक्काइदो आणि तोहोकुत सोयाबीनऐवजी टरफलासकट शेंगदाणे फेकतात. बर्फात पटकन सापडतात आणि धुवावेही लागत नाहीत. ग्राहक व्यवहार संस्था सांगते की पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना हे कडक दाणे देऊच नयेत, श्वासनलिकेत अडकतात. वर्षाच्या शुभ दिशेला तोंड करून न बोलता, न कापता एक आख्खा जाड सुशी-रोल संपवायची एहोमाकीची चाल ओसाकाकडची. देशभर ती रुजवली कन्विनियन्स स्टोअर्सनी. दिशा चारच आहेत आणि दहा वर्षांच्या चक्रातल्या त्या वर्षाच्या चिन्हावरून ठरतात: २०२५ ला पश्चिम-नैर्ऋत्य, २०२६ ला दक्षिण-आग्नेय. रात्री उरलेल्या रोलचे ढीग कचऱ्यात जाऊ लागले तेव्हा २०१९ मध्ये कृषी मंत्रालयाला दुकानदारांना ‘मागणीइतकेच बनवा’ असे सांगावे लागले. स्वस्तात हवा असेल तर संध्याकाळी उशिरा जावे, उलट ठरावीक दुकानाचाच हवा असेल तर आठवडाभर आधी नाव नोंदवावे.

विषुवदिनाच्या दोन सुट्ट्याही सूर्यावरच. त्यांच्या तारखा कायद्यात लिहिलेल्या नाहीत. वेधशाळेच्या गणितावरून सरकार आदल्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला राजपत्रात जाहीर करते. म्हणजे चार वर्षांनंतरची सुट्टी अंदाजाने सांगता येते, अधिकृतपणे नाही.

सोमवारचा हिशेब सर्वांत नवा. ‘हॅपी मंडे’ धोरणाने २००० मध्ये प्रौढत्व दिन १५ जानेवारीवरून दुसऱ्या सोमवारी नेला, क्रीडा दिनही ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी. २००३ मध्ये सागर दिन आणि ज्येष्ठ दिन आपापल्या महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी. सुट्टी हलली की तिला लागून असलेला उत्सवही हलतो. ओसाकाजवळच्या किशिवादाचा दांजिरी, चार टनांचा लाकडी रथ पळवत काटकोनात वळवायचा तो थरार, १४-१५ सप्टेंबर सोडून २००६ पासून ज्येष्ठ दिनाच्या आधीच्या शनिवार-रविवारी होतो. ज्येष्ठ दिन आणि शरद विषुवदिन यांच्यामध्ये एकच दिवस उरला तर तोही आपोआप सुट्टी ठरतो. २०२६ मध्ये तसेच आहे: २१ सप्टेंबर सोमवार, २३ बुधवार, म्हणून २२ सुट्टी. शनिवार धरून सलग पाच दिवस. अशा वर्षी हॉटेलांचे दर पाहून तक्ता बनवणाऱ्याची आठवण निघते. प्रौढत्व दिनाबद्दल आणखी एक: एप्रिल २०२२ पासून कायद्याने प्रौढ वय १८ झाले, पण बहुतेक नगरपालिका सोहळा २० वर्षांच्यांचाच करतात. १८ व्या वर्षाचा जानेवारी म्हणजे विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षांचा महिना; किमोनो कोण नेसणार?

काही उत्सव मात्र कुणासाठी हलत नाहीत. वार कोणताही असो, ताकायामाचे रथ १४-१५ एप्रिल आणि ९-१० ऑक्टोबरला, चिचिबुचा रात्रीचा उत्सव २-३ डिसेंबरला, नागाओकाची आतषबाजी २-३ ऑगस्टला. नागाओकावर १ ऑगस्ट १९४५ च्या रात्री बॉम्बवर्षाव झाला. त्या मृतांच्या स्मरणाला जोडून हे दोन दिवस येतात, म्हणून ते शनिवार-रविवारी सरकवत नाहीत. ताकायामात पाऊस आला तर रथ बाहेरच पडत नाहीत. शतकांची लाखकामाची चमक आणि पडदे भिजू देणे त्यांना परवडत नाही. रथघराची दारे उघडी ठेवतात, तेवढ्यावर समाधान.

या न हलणाऱ्यांत क्योतोच्या गिओन मात्सुरीची माहिती सर्वांत अर्धवट छापली जाते. ‘१७ जुलै, रथांची मिरवणूक’, एवढेच. उत्सव पूर्ण जुलैभर चालतो. उगम ८६९ सालच्या रोगराईत, ६६ प्रांतांसाठी ६६ भाले उभे करून केलेल्या शांतिविधीत. आज मिरवणुका दोन आहेत: १७ ला २३ रथ, २४ ला ११. १९६६ मध्ये दोन्ही एकत्र केल्या होत्या, २०१४ मध्ये पुन्हा वेगळ्या काढल्या. २ जुलैला नगरसभेच्या दालनात चिठ्ठ्या टाकून क्रम ठरतो. नागिनाताहोको हा रथ मात्र चिठ्ठीशिवाय नेहमी पहिला. १० तारखेपासून रस्त्यातच रथ बांधायला घेतात. होको हा मोठा रथ सुमारे २५ मीटर उंच, १२ टनांच्या घरात, आणि त्याच्या सांगाड्याला खिळा नाही: सांधे भाताच्या पेंढ्याच्या दोरखंडांनी आवळलेले. खिळ्याने ठोकलेला सांगाडा रस्त्याच्या हादऱ्यांनी सांध्याशी फाटेल, दोर थोडा दबून हादरा पचवतो. हे बांधकाम पाहायला तिकीट नाही, गर्दी नाही, आणि आमच्या मते ते मिरवणुकीइतकेच पाहण्यासारखे आहे. १२-१३ तारखेला चाचणीसाठी रथ ओढतात, तेव्हा बघ्यांनाही दोरीला हात लावता येतो.

मिरवणुकीत जागा धरायची ती चौकात. रथाच्या आसांना वळण्याची सोय नाही, चाके सरळच जातात. मग चौकात पुढच्या चाकांखाली फोडलेल्या हिरव्या बांबूच्या कांबी पसरतात, त्यांच्यावर पाणी ओततात, दोर बाजूला घेतात, आणि रथावर उभे असलेले म्होरके पंखे उडवून आरोळी देतात त्या ठोक्याला सगळे एकदम हिसका देतात. चाके ओल्या बांबूवरून आडवी घसरतात. एका हिसक्यात तीसेक अंश, तीन-चार हिसक्यांत काटकोन. कांबी वाळल्या, पाणी कमी पडले किंवा हिसका एकसाथ बसला नाही तर रथ अर्धवट अडकतो आणि मागची सगळी रांग थांबते. शिजो-कावारामाची आणि कावारामाची-ओइके हे दोन चौक त्यासाठी.

फसगत होते ती तीन ठिकाणी. १७ च्या दुपारी पोहोचणाऱ्याला रथांचे सांगाडे दिसतात, कारण शहरभरचे अरिष्ट गोळा केलेला रथ घरी परतताच मोडायचा अशी रीत आहे. खाण्याच्या टपऱ्या आणि वाहनबंदी आहे ती पहिल्या मिरवणुकीआधीच्या १५-१६ च्या संध्याकाळी; दुसऱ्या पर्वात ती जत्रा नसते, शांतता असते. आणि रथांजवळ विकतात ती चिमाकी खायची नाही. त्याच नावाचा पानात गुंडाळलेला पदार्थ वेगळा; ही बांबूच्या पानांची जुडी वर्षभर दारावर टांगायची, आत खाण्याजोगे काहीही नाही. तरी दरवर्षी कुणी ना कुणी पाने सोलत बसतोच. शिवाय ज्याच्यासाठी हे सगळे, तो देव सकाळच्या मिरवणुकीत नसतोच. रथ रस्ता शुद्ध करून जातात. यासाका देवस्थानाच्या तीन पालख्या निघतात १७ च्या संध्याकाळी आणि परततात २४ ला. तेव्हा बहुतेक पर्यटक हॉटेलात पाय चेपत असतात.

पालखी, म्हणजे मिकोशी, पाहण्याची शिस्त सगळीकडे लागू पडते. पहिल्या मजल्यावरून, पुलावरून खाली वाकून पाहणे बऱ्याच गावांत अनुचित मानतात. खांदा द्यायचा तर मोहल्ल्याच्या मंडळाचा हाप्पी डगला अंगात हवा. बाहेरच्याने मध्ये घुसू नये, उंची न जुळणारा एक खांदाही बाकीच्यांचे वजन वाढवतो. याउलट आओमोरीच्या नेबुतात, २ ते ७ ऑगस्ट, हानेतोचा, म्हणजे नाचणाऱ्याचा, पूर्ण पोशाख भाड्याने घेऊन चढवला की परका माणूसही उड्या मारत सामील होतो, आणि तोकुशिमाच्या आवा ओदोरी या नाच-उत्सवात पाहुण्यांसाठी खास ‘निवाका’ गट असतात.

दरवर्षी न येणाऱ्या उत्सवांचे वर्ष छापायलाच हवे. तोक्योचा कान्दा मात्सुरी मे महिन्यात विषम वर्षी थाटात होतो, सान्नो मात्सुरी जूनमध्ये सम वर्षी. सुवाचा ओन्बाशिरा ‘सात वर्षांनी’ असे सगळीकडे लिहितात. पण ही मोजणी सुरुवातीचे वर्ष धरून आहे, प्रत्यक्षात सहा वर्षांनी, व्याघ्र आणि वानर वर्षांत. मागचा २०२२, पुढचा २०२८. सात मिळवून २०२९ चे आरक्षण करणाऱ्याला १७ मीटरचे ओंडके उभे झालेले दिसतील, डोंगरउतारावरून घसरताना नव्हे.

नोव्हेंबरातला तोरी नो इची बारा दिवसांच्या चक्रावर. दिवसांनाही बारा राशी-प्राण्यांची नावे असतात. त्यातला कोंबड्याचा दिवस नोव्हेंबरात दोनदा येतो, कधी तीनदा. २०२४ मध्ये ५, १७, २९ असा तीनदा. २०२५ मध्ये १२ आणि २४. २०२६ मध्ये ७ आणि १९. तीन आले त्या वर्षी आगी जास्त लागतात असा समज, म्हणून दुकानांवर आगीपासून जपण्याच्या पाट्या दिसतात. तोक्योत असाकुसाचे ओतोरी आणि शिंजुकुचे हानाझोनो ही मोठी देवस्थाने. मध्यरात्री ढोल वाजतो आणि बाजार सुरू. विक्रीला असतो कुमादे, बांबूचे दाताळे, सोन्याची नाणी, देवतांचे मुखवटे, कासव, बगळे यांनी लगडलेले. नशीब ओढून आणायचे अवजार ते. घासाघीस हा विधीचाच भाग आहे. विक्रेता किंमत सांगतो, तुम्ही कमी करता, तो आणखी उतरतो, तुम्ही पुन्हा. सौदा ठरला की जाणते गिऱ्हाईक मूळ किमतीचेच पैसे देते आणि सुटलेली रक्कम बक्षीस म्हणून सोडते. मग टपरीतले सगळे मिळून लयीत टाळ्या वाजवतात. उतरलेल्या भावात दाताळे घेऊन निघून जाणे चालते, पण टाळ्या जरा पडेल वाजतात. पहिल्या वर्षी लहानच घ्यावे, कारण दरवर्षी आधीच्यापेक्षा मोठे घ्यायची रीत आहे, आणि जुने परत देवस्थानात आणून द्यायचे.

आधुनिक सणांना पंचांगाची अडचण नाही, त्यांना बाजाराची आहे. १४ फेब्रुवारीला स्त्रिया पुरुषांना चॉकलेट देतात, परतफेड १४ मार्चच्या ‘व्हाइट डे’ला, आणि ही परतफेड मिठाई उद्योगाने १९८० च्या सुमारास बसवली. २५ डिसेंबरला सुट्टी नसते. कार्यालये चालू, मुख्य संध्याकाळ २४ ची. तळलेल्या कोंबडीची प्रथा केएफसीच्या १९७४ च्या जाहिरात मोहिमेतून आली. त्या दिवशी आयत्या वेळी गेले तर तासभर रांग, कारण डबे आधीच नोंदलेले असतात. तोक्योच्या शिबुयातला हॅलोवीन मात्र तक्त्यातून काढूनच टाका. तिथे २०१९ पासून त्या दिवसांत रस्त्यावर मद्यपानाला बंदी होती, ऑक्टोबर २०२४ पासून ती वर्षभर, संध्याकाळी ६ ते पहाटे ५. महापौरांनी ‘येऊ नका’ असे जाहीरपणे सांगितले आहे. खऱ्या अर्थाने जमलेला नवा उत्सव म्हणजे कोचीचा योसाकोई, १९५४ चा, ९ ते १२ ऑगस्ट. नियम थोडेच: हातात नारुको ही लाकडी टाळ हवी, पाऊल पुढे सरकत राहायला हवे, संगीतात मूळ योसाकोईच्या चालीचा तुकडा हवा. बाकी रॉक वाजवा की सांबा. ही सैल चौकट हेच तो देशभर पसरण्याचे कारण.

उन्हाळी आतषबाजीबद्दल एवढेच सांगतो की तारीख आणि हवा यांचे पटत नाही. तोक्योच्या आदाची भागातली आतषबाजी २०२४ च्या जुलैत विजांमुळे ऐन वेळी रद्द झाली. म्हणून पुढच्या वर्षी ती मे अखेरीस आणली, आणि तेव्हाही खराब हवेने रद्द. पावसाने पुढे ढकलणार की रद्द करणार, हे प्रत्येक आयोजक वेगळे ठरवतो आणि आधीच जाहीर करतो. तक्त्यात तो एक शब्द द्यावा.

२५ ची रात्र संपली की दुकानांतले ख्रिसमसचे झाड उतरते आणि दारात पाइन-बांबूचे कादोमात्सु येते. सजावट २८ पर्यंत करावी. २९ नऊच्या आकड्यामुळे टाळतात, ३१ ला केली तर ‘एका रात्रीची सजावट’ म्हणून देवाचा अनादर. राहिलीच तर ३०. उतरवण्याची तारीख तोक्योकडे ७ जानेवारी, क्योतो-ओसाकाकडे १५. कागामी मोची, एकावर एक ठेवलेले तांदळाच्या लगद्याचे दोन गोळे, तोक्योकडे ११ तारखेला फोडतात. सुरी लावायची नाही, हातोडीने ठोकायचे. घरचा मोची गरम खोलीत चार दिवसांत बुरशी धरतो, म्हणून हल्ली प्लॅस्टिकच्या साच्यात सीलबंद मिळतो तो घेतात. झोनी सूपात पूर्वेकडे चौकोनी भाजलेला मोची आणि स्वच्छ रस्सा, पश्चिमेकडे गोल उकडलेला आणि पांढरा मिसो. दर जानेवारीत मोची घशात अडकून वृद्ध दगावतात. अग्निशमन दल दरवर्षी बजावते की तुकडे लहान करा, आधी चहाने घसा ओला करा, एकट्याने खाऊ नका. हिनामात्सुरीच्या बाहुल्यांचेही असेच व्यवहारी कारण आहे. १५ बाहुल्यांची सात पायऱ्यांची मांडणी वेळेत आवरली नाही तर मुलीचे लग्न लांबते म्हणतात, पण खरी भीती दमटपणाची. कोरडा दिवस बघून, चेहरे मऊ कागदात गुंडाळून ठेवतात. पावसाळ्यापर्यंत राहिल्या तर रेशमावर बुरशीचे डाग पडतात.

राहिला शुद्ध चंद्राचा हिशेब, जुन्या आठव्या महिन्याच्या पंधराव्या रात्रीचे त्सुकिमी, म्हणजे चंद्रदर्शन. सुसुकी गवताचे तुरे आणि तांदळाच्या पिठाचे पंधरा गोळे, दांगो: खाली नऊ, मध्ये चार, वर दोन. तारीख २०२४ मध्ये १७ सप्टेंबर, २०२५ मध्ये ६ ऑक्टोबर, २०२६ मध्ये २५ सप्टेंबर. पंधरावी रात्र आणि खगोलीय पौर्णिमा एकाच दिवशी येतेच असे नाही, एखाद-दुसरा दिवस फरक पडतो. हे जुने पंचांग १८७३ नंतर कोणत्याही सरकारी संस्थेच्या अखत्यारीत नाही, पंचांगकर्ते जुन्या नियमांनी ते चालवतात. आणि २०३३ मध्ये ते नियम अडतात: शरद ऋतूपासून पुढच्या वसंतापर्यंत कोणत्या महिन्याला कोणते नाव द्यायचे आणि अधिक महिना कुठे घालायचा, हे एकाच उत्तराने सुटत नाही. पंचांग क्षेत्रातल्या संघटनेने २०१५ मध्ये अकराव्या महिन्यानंतर अधिक महिना धरण्याची शिफारस केली आहे; ती मानली तर त्या वर्षीचे त्सुकिमी सप्टेंबरात, दुसरा पर्याय घेतला तर ऑक्टोबरात. शिफारस बंधनकारक नाही. त्या वर्षीच्या तक्त्यात या सणापुढे दोन्ही महिने छापावेत.

आपले,
जपानी सण-पंचांगाचे अभ्यासक